ऐंशी मिनिटांचं दुकान

बाबूजी, माझे वडील, गेल्यानंतर आमचं कापडाचं दुकान पुन्हा उघडलं, त्याच आठवड्यात आमच्या संगणकावरच्या खेळाखाली एकाने अभिप्राय लिहिला. "फार सुंदर गेम. शेवटी रडलो. पण दीड तासाच्या आत संपला, म्हणून पैसे परत घेतले." खाली आवडल्याची खूणही केली होती.

मी तो जिन्यात बसून वाचला. आमचं घर दुकानाच्या वर आहे. खाली शहाद्याचा बाजार, कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर, एस.टी. स्टँडच्या रिक्षा, वर मम्मी, भिंतीला टेकून बसलेली. भेटायला येणाऱ्या बायका आता कमी झाल्या होत्या. मी पुण्याहून आले होते आणि परत कधी जाणार हे मला कुणी विचारत नव्हतं.

खेळाचं नाव 'गादी'. कापडाच्या दुकानात ज्या पांढऱ्या गादीवर शेठ बसतो आणि गिऱ्हाइकासमोर साड्या पसरतो, ती. खेळणाऱ्याला पडद्यावर फक्त दोन हात दिसतात. सकाळी शटर वर जातं, दिवसभर बायका येतात, हात साड्या उलगडून दाखवतात. काही विकल्या जातात, बहुतेक जात नाहीत. संध्याकाळी गादीवर ढीग उरतो. एकेका साडीची घडी घालायची, कपाटात लावायची, शटर खाली ओढायचं. खेळ तिथे संपतो. हात फार बोलत नाहीत. "बघा", "याच्यात हिरवा पण आहे", "पाणी घ्या", एवढंच.

हात बाबूजींचे आहेत. गेल्या उन्हाळ्यात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, मी त्यांना साड्यांच्या घड्या घालायला लावून मोबाइलवर टिपून घेतलं आणि त्यावरून चित्रं काढली. "नुसते हातच ना?" ते म्हणाले होते. "मग दाढी करायला नको." किडनी तेव्हाच हळूहळू साथ सोडत चालली होती. घडी घालताना ते मध्ये थांबत, आणि ते थांबणंही मी खेळात ठेवलं.

खेळ मी आणि योगेंद्रने मिळून केला. योगेंद्र माझ्या शाळेतला, तापीकाठच्या एका गावातल्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, आता पुण्यात. चित्रं आणि लिखाण माझं, संगणकाचं सगळं त्याचं. दिवाळीच्या आधी खेळ विक्रीला लागला, किंमत तीनशे नव्वद रुपये. दिवाळीनंतर बाबूजी गेले.

"वाचलास का?" योगेंद्रने फोनवर विचारलं.

"रडला म्हणे तो."

"रडला आणि पैसे घेऊन गेला. असे खूप आहेत, फाल्गुनी. निम्मे रडतात, निम्मे पैसे काढून घेतात, आणि हे दोन्ही निम्मे एकच आहेत."

ज्या ऑनलाइन दुकानात आमचा खेळ विकला जातो, तिथला नियम साधा आहे. दोन तासांपेक्षा कमी खेळलात तर खेळ परत करता येतो, कारण विचारत नाहीत. मोठ्या खेळांना त्याचा त्रास होत नाही. दोन तासांत त्यांची तोंडओळखही होत नाही. आमचा ऐंशी मिनिटांत संपतो. कुणीही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून, डोळे पुसून, तीनशे नव्वद रुपये परत घेऊ शकतो.

"दुसरा दिवस लिही," योगेंद्र म्हणाला. "चाळीस मिनिटं. पन्नास दिलीस तर उपकार. दोन तास ओलांडले की हे बंद."

"साड्या सगळ्या साडेपाच-सहा मीटरच असतात," मी म्हटलं. "चारशेची काय आणि चाळीस हजारांची काय. मीटरवर शर्टिंग जातं. साडी नगावर जाते."

"साडी पन्नास वेळा नेसता येते."

"खेळही पुन्हा खेळता येतो."

"कोण खेळलंय? एक नाव सांग."

मी विषय बदलला. "पुस्तकाचं घे. पुस्तक जाड आहे म्हणून—"

"पुस्तकाचं मला सांगू नको. प्रकाशक पानं मोजून किंमत लावतात, हे तूच एकदा चिडून सांगितलंयस." मग त्याचा आवाज खाली आला. "आमच्या गावात पोरं आहेत ना, ती पैसे साठवून एक गेम घेतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तोच खेळतात. त्यांना तास म्हणजे तासच. तू त्यांना ऐंशी मिनिटं देतेस. चांगली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण उरलेलं वर्ष त्यांनी काय करायचं?"

ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याला 'थोडं पण सुंदर' हे सहज म्हणता येतं, हे मला वाचून नाही, दुकानात वाढल्यामुळे माहीत आहे.

"आणि मी नोकरी सोडलीय," तो म्हणाला. "पण ते मी बोलून दाखवणार नाही."

"दाखवलंस की."

"हो. दाखवलं."

मी लिहिते म्हटलं. त्याला वाटलं, त्याने मला पटवलं. खरं तर मला पटवायला फार काही लागलंच नसतं. दुसरा दिवस म्हणजे सकाळी शटर पुन्हा वर जाणार होतं.

ते दिवस चांगले गेले, हे सांगायला मला थोडं अवघड वाटतं. सकाळी मम्मीची पूजा आटोपली की मी खिडकीपाशी बसत असे. खालून मयंकचा, माझ्या धाकट्या भावाचा, गिऱ्हाइकांशी बोलण्याचा आवाज येई आणि मी दुसऱ्या दिवसाची गिऱ्हाइकं लिही. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं साडीसाठी येत होती. दुसऱ्या दिवशी ती हातांशी बोलायला येऊ लागली. एक म्हातारी आली, ती नुसती तब्येत विचारायला. एक मुलगी आली, पाठीवर दप्तर, तिला काहीच घ्यायचं नव्हतं. ती गादीच्या कडेला बसली आणि हात तिच्याशी बोलत राहिले. मी लिहीत होते आणि ते बोलत होते. मिनिटं भराभर भरली. योगेंद्रला रोज पाठवत होते, तो रोज बसवून परत पाठवत होता. "अगं, पन्नास झाली!" तो एके दिवशी म्हणाला. "थांब आता, का तिसरा दिवस काढतेस?"

मी थांबले नाही. मला तिसराही चालला असता.

अशातच पार्वतीबाई आल्या.

आमच्याकडे जांगड चालते. लग्न, साखरपुडा असं काही असलं की ओळखीचं गिऱ्हाईक पाच-सात साड्या पैसे न देता घरी नेतं, घरातल्या बायकांना दाखवतं, आवडतील त्या ठेवतं आणि उरलेल्या परत आणून देतं. हा विश्वासाचा व्यवहार, आणि त्यात बाबूजींची एक रीत होती. जांगडीचा माल परत आला की ते तो गिऱ्हाइकासमोर उलगडत नसत. गठ्ठा उचलून पाठीमागे ठेवायचे आणि विचारायचे, "चहा घेणार?" साडी कोरी आली की नेसून आली, हे गिऱ्हाईक गेल्यावर बघायचं.

मयंकला हे पसंत नव्हतं. बाबूजी असतानाही नव्हतं. तो आता गादीवर बसत होता, आणि आरशावर त्याने एक छापील कागद चिकटवला होता : 'एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही.' मी खाली त्याला जेवायला बोलवायला गेले होते, तेव्हा पार्वतीबाई समोर बसलेल्या होत्या. तापीकाठच्या मोठ्या शेतकरी घरातल्या बाई, केळीची बाग, घरात नेहमी कुणाचं तरी लग्न निघालेलं.

"काय वं फाल्गुनी," त्या मला बघून अहिराणीत म्हणाल्या, "जेवस का नही? सुकी गयी तू." मग मयंककडे वळल्या. "पाच ठेवस मी. त्यासना पैसा ले. हाई निळी वापस."

मयंकने निळी साडी घेतली आणि त्यांच्यासमोर गादीवर झटकून उलगडली. खांद्याच्या जागी पिनेची दोन भोकं होती. निऱ्यांच्या चुण्या स्पष्ट दिसत होत्या, काठाला कुंकवाचा एक बारीक डाग.

"काकू, ही नेसलेली आहे."

"नेसेल शे ना. पोरना साखरपुडामा नेसेल. मी कोठे नही म्हनस?"

"मग परत कशी घेऊ?"

"जशी तुन्हा बाप लेये तशी."

"आवडली नाही का?"

"आवडनी म्हनीसनच त आंगवर घाली!" पार्वतीबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "फोटो निंघी गयात. गावन्या बायास्नी देखी लिधी. आते मन्हाकडे तिन्हं काय काम?"

मयंकचे कान लाल झाले. "बाबूजींनी इथे धर्मशाळा उघडली होती."

"दुकान उघाडेल व्हतं, भाऊ. म्हनीसन आमना घरना तीन बस्ता आठेच बांधायनात." बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी; त्यांच्या घरच्या तीन लग्नांची इथेच झाली होती. मयंकने निळी साडी जमेल तशी गुंडाळली, पाच साड्यांचे पैसे घेतले. पार्वतीबाई उठताना जिन्याकडे बघून म्हणाल्या, "मायले सांग, दोन घास खात जाय म्हना." आणि रस्ता ओलांडून गेल्या.

"तुझा खेळ असाच जातोय ना?" मयंक म्हणाला. "नेसून परत?"

"असाच."

"मग काय करणार तू?"

"साडी लांब करणार."

तो हसला. बाबूजी गेल्यापासून पहिल्यांदाच. मग निळ्या साडीकडे बघून पुन्हा वैतागला. "हिचं काय करू मी? नवी म्हणून विकू?"

मी ती वर घेऊन गेले. मम्मी तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पार्वतीबाई आल्या होत्या का? आवाज आला."

"हो. एक साडी परत केली. नेसलेली."

"मोठ्या काठाची असेल."

"तुला कसं माहीत?"

"तिची पसंती मला माहीत नसेल?" मम्मीने हात पुसले आणि साडी मांडीवर घेतली. "तिने परत केलेल्या मी नेसल्यात इतकी वर्षं."

घरात आम्ही मारवाडी बोलतो. हे सगळं बोलणं तिने मारवाडीत, तांदळाचं ताट बाजूला सारत, अगदी सहज केलं. नेसलेली साडी कोरी म्हणून विकायची नाही, हा बाबूजींचा नियम. गिऱ्हाइकाला ती परत करायची नाही, हाही नियम. मग अशी साडी वर यायची. लहानपणापासून मी मम्मीच्या ज्या साड्या पाहिल्या, त्यातल्या कितीतरी दुसऱ्या कुणीतरी एक दिवस मिरवून आणलेल्या होत्या. कापडाच्या व्यापाऱ्याची बायको, तिला काय तोटा, असं आम्हीही समजत होतो.

"तुला वाईट नाही वाटायचं?"

"कशाचं? मऊ होऊन यायची. कोरी साडी पहिल्यांदा अंगाला टोचते." ती हसली. "तुझे बाबूजी हातात देताना म्हणायचे, घे, पार्वतीबाईंनी तुझ्यासाठी एक दिवस नेसून दिलीय."

"आणि ते नुकसान?"

"नुकसान कसलं? मला साडी लागलीच असती ना."

तिने निळ्या साडीची घडी घातली. तिची घडी बाबूजींच्या घडीहून वेगळी असते, पदर आत घेणारी. काठावरून एकदा हात फिरवला आणि साडी माझ्याकडे दिली. तिच्या अंगावर फिक्की पांढरी साडी होती. "ही आता कपाटात ठेव," ती म्हणाली. "तुला नेसायची असेल तर नेस." मग तांदळाचं ताट पुन्हा ओढलं. थोड्या वेळाने म्हणाली, "तू दिवसभर काय लिहीत असतेस? तो दुकानाचा खेळच ना? मला दाखव."

तिने तो कधी पाहिला नव्हता. दाखवावा असं मला वाटलं नव्हतं, आणि तिनेही मागितला नव्हता. मी लॅपटॉप तिच्यासमोर पाटावर ठेवला. बोट कुठे फिरवायचं, कुठे दाबायचं ते दाखवलं. पहिल्यांदा शटर वर गेलं तेव्हा ती जरा मागे सरकली.

मम्मी चाळीस वर्षं या दुकानाच्या वर राहिली, पण गादीवर कधी बसली नाही. आमच्या घरातल्या बायका बसत नसत. तिला दुकान माहीत होतं ते जिन्यातून ऐकू येणाऱ्या आवाजावरून. आता ती दोन हातांच्या मागे बसली होती आणि समोर गिऱ्हाईक होतं.

पहिल्या दोन-तीन साड्या तिने नुसत्या उलगडून दाखवल्या. मग पडद्यावरच्या उजव्या अंगठ्यावर तिने बोट ठेवलं. शटरमध्ये सापडून त्याचं नख कायमचं काळं पडलेलं होतं. "हे पण घेतलंस," ती म्हणाली.

त्यानंतर ती रमली. गिऱ्हाइकांवर ओरडू लागली. "ही नाही घेणार. ही नुसती बघायला आलीय, हिला मी ओळखते." "अगं बाई, हिरवी सोडून कुठे ती जांभळी!" एका बाईने सगळं कपाट रिकामं करवून काही घेतलं नाही, तेव्हा मम्मीने खरोखर कपाळावर हात मारला. संध्याकाळी ढीग उरला. खेळात ढीग तसाच टाकून शटर ओढता येतं. बरेच लोक तसं करतात, आम्हाला आकडे दिसतात. मम्मीने प्रत्येक साडीची घडी घातली. हात मध्ये थांबले की तीही थांबत होती. त्यांना घाई करता येते, एक बटण आहे, पण मी ते तिला सांगितलं नाही. खिडकीतलं ऊन गेलं, मी चहा करून आणला, तिचा चहा निवला. मग तिने शटर खाली ओढलं आणि पडदा काळा झाला.

"उद्या?" ती म्हणाली. "उद्या उघडत नाही?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्याजवळ उद्याचा दिवस तयार होता, पूर्ण, आवाजासकट, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तो उघडून दिला.

शटर वर गेलं. मम्मी सावरून बसली. म्हातारी आली, तब्येत विचारून गेली. मम्मीने तिला पाणी दिलं. मग दप्तरवाली मुलगी आली आणि गादीच्या कडेला बसली. हात एका साडीची घडी घालू लागले आणि बोलू लागले. पडद्यावर तळाशी अक्षरं उमटतात, मम्मी ती ओठ हलवत वाचत होती.

'तू काय करतेस ते मला नीट कळत नाही. पण बरंच करत असशील.'

'तू लांब राहिलीस. मला चाललं. तुझी आठवण आली की मी तुझ्या आवडत्या रंगाची एखादी साडी वर काढून ठेवायचो.'

'आता दमलो गं.'

मम्मीचं बोट थांबलं. तिने ते पुन्हा वाचलं असावं, ओठ पुन्हा हलले.

"हे कधी म्हणाले ते?"

"म्हणाले नाहीत, मम्मी. मी लिहिलंय."

"मला वाटलं, दवाखान्यात म्हणाले. मी घरी आंघोळीला आले होते, तू होतीस त्यांच्याजवळ."

"नाही. तेव्हा पंखा कमी कर म्हणाले."

मम्मी हसली. "हां. तेच म्हणणार." पण हसू टिकलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. "मला वाटलं, तुला म्हणाले आणि मला नाही म्हणाले. चाळीस वर्षांत कधी दमलो म्हणाले नाहीत माझ्याजवळ. मी म्हटलं, मुलीला सांगितलं, मला का नाही सांगितलं."

एवढ्या दिवसांत, प्रत्येक ओळ लिहिताना, ती कुणीतरी खरी मानेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी स्वतः ती थोडी खरी मानू लागले होते, हेही तेव्हाच कळलं. पंख्याचं वाक्य सोडून मला ही वाक्यं आठवायला लागली होती.

"हा फार बोलतो," मम्मी म्हणाली, माझी समजूत काढल्यासारखं. "कालचा बरा होता." तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि निवलेला चहा तसाच पिऊन टाकला.

मी गच्चीवर जाऊन योगेंद्रला फोन केला.

"दुसरा दिवस नको."

"म्हणजे?"

"म्हणजे घालायचा नाही. खेळ आहे तेवढाच राहील."

त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "पन्नास मिनिटं तयार आहेत," तो म्हणाला. "आवाज बसवलेत. सगळं तपासून झालंय. आणि आता नको. का?"

"मम्मीला ते खरं वाटलं."

"चांगलंच झालं की. खरं वाटण्यासाठीच करतो आपण."

"तिला वाटलं, बाबूजी मला असं बोलले आणि तिला नाही बोलले."

योगेंद्र बाबूजींना ओळखत होता. शाळेचा गणवेश तो आमच्याच दुकानातून घ्यायचा. तो म्हणाला, "हं." मग म्हणाला, "बरं, बोलणं काढू. नुसती गिऱ्हाइकं ठेवू. गिऱ्हाइकं येतील, जातील, चाळीस मिनिटं तशी पण भरतात."

"भरतात. पण मग ती कशासाठी येतात?"

"दोन तास होण्यासाठी येतात, फाल्गुनी! तुला काय वाटतं, मोठ्या खेळांत लोक कशासाठी येतात? निम्मे खेळ दोन तास होण्यासाठीच असतात." तो चिडला होता, आणि त्याला चिडायचा हक्क होता. "तुझं बरं आहे. तुझे बाबूजी त्यात आहेत, तुला तेवढं पुरतं. मला काय पुरायचं त्यात?"

"तुझं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणू नको, भांड जरा."

"मला भांडता येत नाहीये. तुझं खरंच बरोबर आहे. पण मी तो दिवस देणार नाही."

गच्चीवरून आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्या दिसत होत्या. समोरच्या घरी पापड उचलत होते.

"मी बाहेरचं काम घेतो मग," तो अखेर म्हणाला. "एक माणूस मागे लागलाय, त्याचं बँकेचं ॲप आहे. कंटाळवाणं आहे, पण पैसे देतो. पुढचा खेळ आपण त्यानंतर बघू. आणि एक कर. किती मिनिटांचा आहे ते पानावर पहिल्या ओळीत लिही. लपवायचं नाही. ज्याला ऐंशी मिनिटं कमी वाटतात त्याने आधीच जावं, रडून जाऊ नये."

"लिहिते."

"आणि आमच्या गावच्या पोरांना मी फुकट देणार आहे. तीनशे नव्वद त्यांच्याकडून घेणं मला जमणार नाही."

"दे."

"म्हणतील, एवढासाच आहे."

"म्हणू दे."

"मग तो दुसरा दिवस काढून टाकू? का तुझ्याकडे एक प्रत ठेवतेस? पुढेमागे—"

"काढ."

"विचार कर. काढल्यावर माझ्याकडेपण नसेल."

मी विचार केला. दप्तरवाल्या मुलीचा केला, आणि तिच्याशी बोलणाऱ्या माणसाचा, जो इतका सैल आणि प्रेमळ बोलत होता. पंखा कमी कर म्हणणाऱ्याचा केला. "काढ," मी म्हटलं, "मीपण माझ्याकडचं काढते."

त्याची बोटं कळफलकावर ऐकू आली. मग त्याने विचारलं, "मावशी कशा आहेत?" मी म्हटलं, आज तिने पूर्ण दिवस दुकान चालवलं. तो म्हणाला, "घड्या घातल्या का सगळ्या?" मी हो म्हटलं. "म्हणजे आकड्यांत एक वाढला," तो म्हणाला, आणि त्याचा राग बऱ्यापैकी उतरलेला वाटला.

खाली आले तेव्हा मयंक वर आलेला होता आणि मम्मी त्याला वाढत होती. मी लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी बसले. आधी माझ्याकडची फाइल काढून टाकली. मग खेळाचं पान उघडलं. तिथे आम्ही सुरुवातीला पुष्कळ लिहिलं होतं, खेळ कसा मनाला भिडतो वगैरे. ते सगळं पुसलं आणि लिहिलं :

'हा खेळ साधारण ऐंशी मिनिटांचा आहे. साडीच्या दुकानातला एक दिवस. पूर्ण खेळून परत केलात तरी आमची तक्रार नाही. पुढचा दिवस नाही.'

शेवटचं वाक्य मी एकदा खोडलं. मम्मीने जेवायला हाक मारली. मी ते पुन्हा लिहिलं, पान जतन केलं आणि उठले.